वहीतला शेवटचा रकाना

(बाईंच्या स्मृतिप्रीत्यर्थ होणाऱ्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित मजकूर)



विकासात्मक अक्षमता असलेल्या मुलांसाठी बाईंनी काढलेल्या शाळेत मी बत्तीस वर्षे शिकवले. बाई आठवल्या की मला आधी त्यांची वही आठवते. वाण्याकडे उधारीची असते तशी लांबट, लाल कापडी बांधणीची. शाळेत नवे मूल आले की बाई वहीत त्याच्या नावाने एक ओळ सुरू करत आणि आईला विचारत विचारत पुढचे रकाने भरत. वय, वजन, शेवटची फिट केव्हा आली, हाताने जेवतो का, शी-शू सांगतो का, किती शब्द बोलतो. सगळ्यात शेवटच्या रकान्यावर एकच शब्द होता : ‘माणसे’.

तो भरायच्या आधी बाई पेन खाली ठेवत आणि विचारत, ‘‘घरची सोडून, याला नावानं हाक मारणारी माणसं किती?’’

आया बोटांवर मोजू लागत. समोरची काकू. अंगणवाडीच्या ताई. मग अंगठा तिसऱ्या बोटावर येऊन थांबे. एक आई तर पहिल्या बोटालाच अडली. बराच वेळ पदराचे टोक पिळत बसली आणि म्हणाली, ‘‘बाई, तुम्हाला आजपासून धरू का?’’ बाईंनी रकान्यात ‘१’ लिहिला. मी तेव्हा नोकरीत नवी होते आणि शेजारी वजनकाटा सांभाळत बसले होते. तो एकाचा आकडा मी अजून विसरलेले नाही.

आपल्या गल्लीतले कुठलेही पाच वर्षांचे पोर घ्या. दुकानदार त्याला ओळखतो, रिक्षावाले काका ओळखतात, देवळातले गुरव ओळखतात, समोरच्या बिल्डिंगमधली आजी तर त्याच्या खोड्या तारीखवार सांगते. पंचवीस-तीस माणसे त्याच्या खात्यावर आपोआप जमा होतात. आईबापांना त्यासाठी काही करावे लागत नाही. पण ज्या मुलाला बोलता येत नाही, जे गर्दीत कान झाकून किंचाळते, ज्याची लाळ गळते, त्याचे खाते रिकामे राहते. लोक निर्दय असतात असे मी म्हणणार नाही. आई त्याला घेऊन बाहेर पडेनाशी होते, लोक विचारेनासे होतात आणि दार दोन्ही बाजूंनी लागते.

आमच्या शाळेत येणारा प्रत्येक पालक कधी ना कधी एक प्रश्न विचारतोच. कुणी पहिल्या दिवशी विचारतो, कुणी दहा वर्षांनी, जिन्यात गाठून, खालच्या आवाजात : ‘‘आमच्यामागं याचं कसं व्हायचं?’’ या प्रश्नाला बाईंनी कधी गोड बोलून उत्तर दिले नाही. त्या वही उघडत, शेवटच्या रकान्यावर बोट ठेवत आणि म्हणत, ‘‘हा वाढवू या.’’

आज मला एवढेच सांगायचे आहे. या मुलांसाठी आपण शिबिरे घेतो, उपक्रम चालवतो, त्यांचा हिशेब या रकान्यात मांडला पाहिजे. कार्यक्रम संपल्यावर मुलाला नावाने हाक मारणारी माणसे वाढली का, हे आधी विचारावे. किती मुले आली, किती वस्तू वाटल्या, पेपरात काय छापून आले, हे सगळे त्याच्या मागून.

•

‘विकासात्मक अक्षमता’ हा शब्द कानाला जड वाटतो, म्हणून आधी तो उलगडते. मूल पोटात असताना, जन्मताना किंवा वाढीच्या कोवळ्या वर्षांत मेंदूच्या जडणघडणीत फरक पडतो आणि चालणे, बोलणे, समजणे, मिसळणे यांतले काही मागे राहते किंवा वेगळ्या वाटेने जाते. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम असलेली मुले यात येतात. ताप उतरावा तशी ही अवस्था उतरत नाही, मूल तिच्यासह मोठे होते. म्हणून औषधाइतकीच, किंबहुना अधिक, त्याला माणसांची गरज लागते.

बाईंनी शाळा काढली तेव्हा पाटीवर ‘मतिमंद’ असे लिहिलेले असे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते २१ झाले आणि स्वमग्नतेला तिची स्वतंत्र जागा मिळाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात देशातल्या पाच ठिकाणची दोन ते नऊ वर्षांची मुले तपासली होती. त्यांत आपल्या शेजारचा उत्तर गोवाही होता. मेंदूच्या वाढीशी निगडित नऊ प्रकारच्या अडचणी, फिट येणे आणि ऐकू न येणे धरून, मोजल्या तेव्हा जवळजवळ आठांतल्या एका मुलाला त्यांतली एखादी तरी निघाली. तेव्हा ही मुले कुठल्या दुर्दैवी घरातले अपवाद आहेत, असे समजू नका. ती आपल्याच गल्लीत आहेत, लावलेल्या दारांमागे.

•

‘शिबिर’ म्हटले की या पालकांना आधी आठवते ते तपासणी शिबिर. सरकारी दवाखान्याच्या आवारात पहाटेपासून रांग, काखेत मूल, पिशवीत फायली. आतून विचारले जाते, ‘‘किती टक्के?’’ मग दाखला, त्यावर ओळखपत्र, आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक निघाले तर एसटीची सवलत, निराधार योजनेचे पैसे. हे शिबिर हवेच. त्या कागदाशिवाय पालकांना दहा दारांवरून परत जावे लागते. पण त्या कागदावर मुलाची टक्केवारी असते, त्याला काय आवडते ते नसते. ‘ओळखपत्र’ हा शब्द केवढा मोठा आहे! आपण मुलाला पत्र देतो आणि ओळख मात्र राहून जाते.

दुसऱ्या प्रकारच्या शिबिराची गोष्ट दूरची आहे, पण बाई ती प्रत्येक नव्या कार्यकर्त्याला सांगत. अमेरिकेच्या केनेडी घराण्यातली मोठी मुलगी रोझमेरी. १९१८ चा जन्म. तिची समज भावंडांपेक्षा हळू वाढली. १९४१ मध्ये, ती तेवीस वर्षांची असताना, वडिलांच्या निर्णयाने तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि तिचे बोलणे-चालणेही हिरावले. पुढची कित्येक दशके ती विस्कॉन्सिनमधल्या एका संस्थेत राहिली. भाऊ देशाचा अध्यक्ष होईपर्यंत बहिणीबद्दल घराणे वर्षानुवर्षे जाहीर बोलत नव्हते.

तिची धाकटी बहीण युनिस केनेडी श्रायव्हर. १९६२ च्या जूनमध्ये युनिसने मेरीलँडमधल्या आपल्या टिंबरलॉन या घराच्या मोकळ्या आवारात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी उन्हाळी शिबिर भरवले. पोहणे, घोड्यावर बसणे, चेंडू. अशा मुलांना संस्थेत ठेवून विसरून जावे, असा सल्ला त्या काळी सर्रास दिला जाई. युनिसने शाळा-कॉलेजातली तरुण मुले आणली आणि जवळजवळ प्रत्येक मुलामागे एक सोबती दिला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तिने एका मोठ्या साप्ताहिकात रोझमेरीबद्दल उघडपणे लिहिले. त्या शिबिराचे रोपटे वाढत गेले आणि २० जुलै १९६८ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्ड मैदानावर पहिले स्पेशल ऑलिंपिक्स भरले.

त्या वाटेवर पुढे आपल्या पुण्याची मुलगीही चालली. डाउन सिंड्रोम असलेल्या गौरी गाडगीळ यांनी स्पेशल ऑलिंपिक्सच्या स्पर्धेत पोहून पदक आणले आणि २०१४ च्या ‘यलो’ या मराठी चित्रपटात आपली मोठेपणीची भूमिका स्वतः केली. तो चित्रपट गावात लागला तेव्हा आमच्या शाळेतल्या चार आया तिकिटे काढून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी एकच विचारत आल्या, ‘‘नगरपालिकेच्या तलावात आपली मुलं घेतील का?’’

आता आपल्याकडे पाहा. मुंबईची जय वकील शाळा १९४४ मध्ये सुरू झाली ती होर्मसजी आणि जेरबाई वकील यांच्या लेकीपायी. त्या लेकीला डाउन सिंड्रोम होता, तिला घेणारी शाळा नव्हती. १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया उभी केली. त्यांच्या मुलीला, मालिनीला, सेरेब्रल पाल्सी आहे. पुढे मालिनी छिब यांनी आपले आत्मचरित्र लिहिले. एका ठिकाणी बहीण, दोन ठिकाणी लेक. या सगळ्यांना ओळख घरातच मिळाली होती. रोज जेवताना, झोपताना, रागावताना त्यांनी ते मूल पाहिले होते. मुलाला काय जमते आणि जग त्याला काय नाकारते, यांतले अंतर त्यांना ठाऊक होते, म्हणून त्यांना स्वस्थ बसवले नाही.

मग ज्यांच्या घरात असे मूल नाही, त्यांना ही ओळख कुठे मिळावी? उद्याचा शिक्षक, कंडक्टर, बँकेतला कारकून, पोलीस, नगरसेवक यांच्यासमोर असे मूल पहिल्यांदा येईल, तेव्हा ते अनोळखीच असणार का? शिबिराची गरज मला इथे दिसते. ज्यांना घरात ही ओळख मिळाली नाही, त्यांना ती पाच दिवसांत मिळवून द्यायची.

•

मे महिना आपल्याला प्रिय. आंबे, मामाचे गाव, लग्ने, गच्चीवरची झोप. आमच्या मुलांच्या घरांत तोच महिना सगळ्यात कठीण. शाळा बंद, व्यायाम करून घेणाऱ्या ताई सुटीवर, रोजची घडी विस्कटलेली. घडी विस्कटली की स्वमग्न मुलाचा जीव घाबरा होतो, ते हात चावते, रात्र रात्र जागते. भावंडे मामाकडे जातात. याला न्यायचे म्हटले की मामी क्षणभर गप्प होते, तेवढे पुरते. आई आपणच म्हणते, ‘‘आम्ही राहतो घरी.’’

म्हणून बाईंनी शिबिरासाठी मे महिनाच धरला. पाच दिवस, चार रात्री, गावाबाहेरच्या एका आश्रमशाळेत. पहिल्या वर्षी चौदा मुले आणि चौदा सोबती. ‘सोबती’ हा बाईंचा शब्द. ज्युनियर कॉलेजातली मुले-मुली, आयटीआयची दोघे, नर्सिंग शिकणारी एक. एका सोबत्याने पाच दिवस एकाच मुलाबरोबर उठायचे, जेवायचे, खेळायचे, झोपायचे.

आधीच्या आठवड्यात प्रत्येक घरातून एक पान लिहून येई. त्यावर अवस्थेचे नाव सर्वांत खाली असे. वर असे : याला काय आवडते. कोणता आवाज सोसत नाही, मिक्सरचा, कुकरच्या शिट्टीचा की फुगा फुटल्याचा. तहान लागली की काय करतो. शू आली हे कसे कळते. चिडला तर कशाने निवतो, कशाने आणखी चिडतो. झोपताना काय लागते. एका पानावर ‘आजीचं लुगडं’ असे होते, आणि ते लुगडे घडी घालून शिबिरात आले होते.

व्हरांड्याच्या भिंतीवर दिवसाची चित्रे एकाखाली एक लावलेली असत : दात घासणे, पोहे, चेंडू, आंघोळ, जेवण, विश्रांती, फेरफटका. एक काम झाले की मूल आपल्या हाताने ते चित्र काढून डब्यात टाकी. पुढे काय होणार हे डोळ्यांना दिसले की निम्मी रडारड थांबते. एका खोलीत पडदे लावून नुसत्या गाद्या टाकलेल्या असत. ज्याला गलका असह्य होईल त्याने तिथे जाऊन पडावे, कुणी बोलवायला जायचे नाही. शिट्टी नाही, लाउडस्पीकर नाही.

काही नियम बाईंनी कधी सैल होऊ दिले नाहीत. जागा बदलली की डोकी मोजायची. आंघोळ, कपडे, रात्र, कुठेही एका मोठ्या माणसाने मुलाबरोबर बंद दाराआड राहायचे नाही, दोघे हवेतच. आपल्या बाबतीत काय घडले ते यांतल्या पुष्कळ मुलांना सांगता येत नाही, म्हणून त्यांची राखण आपण अधिक कसून करायची. फिट आली तर कुशीवर वळवायचे, डोक्याखाली मऊ काही सरकवायचे, घड्याळ पाहायचे. तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट गाडी काढायची. आदल्या दिवशी प्रत्येक सोबत्याकडून हे सगळे करून घेतले जाई.

पाच दिवसांत न बोलणारे मूल बोलू लागले, असे मी तुम्हाला सांगणार नाही. तसे सांगणाऱ्यांवर पालकांनी विश्वासही ठेवू नये. छोट्या गोष्टी घडल्या. वरणभाताशिवाय काही न खाणाऱ्या मुलाने सोबत्याच्या ताटातली थालीपिठाची कड उचलली. एका मुलीने चार दिवस आपला चेंडू कुणाला दिला नाही, पाचव्या दिवशी सोबतीणीच्या हातात ठेवला. आणि एक आई. तिचे पहिल्या रात्री पाच फोन आले, दुसऱ्या रात्री दोन, तिसऱ्या रात्री एकही नाही. चौथ्या दिवशी सकाळी साडेआठला तिचा फोन आला तेव्हा ती रडत होती. मी घाबरले. ती म्हणाली, ‘‘ताई, मी झोपले हो. सात वर्षांत पहिल्यांदा रात्रभर झोपले.’’ आपण काही अपराध केला अशा आवाजात ती हे सांगत होती. त्या दिवसापासून मी आईच्या झोपेलाही शिबिराचे काम समजते. जी आई कधी झोपत नाही, तिचा धीर एक दिवस सुटतो, आणि मग मुलाच्या रकान्यातले सर्वांत जवळचे माणूसच खचते.

•

शिबिराने काय साधते हे मला शिबिराबाहेर कळले.

आमचा एक मुलगा, बारा वर्षांचा, स्वमग्न, न बोलणारा. एका दुपारी शाळेच्या फाटकाची कडी उघडी राहिली आणि तो निसटला. चूक आमचीच होती. तो सरळ स्टँडवर गेला आणि सुटायच्या बेतात असलेल्या एसटीत चढला. कंडक्टरने तिकीट विचारले, हा खिडकीच्या गजाला कान लावून उभा. दुसऱ्यांदा विचारले तेव्हा ओरडला. पुढच्या बाकावरचे कुणी म्हणाले, ‘‘वेडं दिसतंय, खाली उतरवा.’’ घाटाच्या पायथ्याच्या फाट्यावर त्याला उतरवले असते तर पुढे काय झाले असते, याचा विचार आजही मला सोसत नाही.

मागच्या बाकावर आयटीआयचा एक मुलगा बसला होता. दोन वर्षांपूर्वी तो याचा सोबती होता. त्याने त्याला नावाने हाक मारली. मग खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून हळूच वाजवला, कारण त्या घरातून आलेल्या पानावर लिहिले होते की किल्ल्यांचा आवाज ऐकला की हा शांत होतो. मुलगा येऊन त्याच्या शेजारी बसला. सोबत्याने कंडक्टरला चार वाक्यांत सगळे समजावले आणि पुढच्या थांब्यावर उतरून, परतीच्या गाडीने त्याला शाळेत आणले. आम्ही तोवर विहिरी पाहत फिरत होतो.

दुसऱ्या दिवशी तो कंडक्टर शाळेत आला. म्हणाला, ‘‘आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. नाव काय याचं?’’ बाईंनी वही काढली आणि त्या मुलाच्या ओळीत शेवटच्या रकान्यातला आकडा खोडून एकाने वाढवला.

त्या पोराला त्या दिवशी दाखल्याने वाचवले नाही, त्याच्या गळ्यातल्या कार्डाने वाचवले नाही. पाच दिवस त्याच्याबरोबर थालीपीठ खाल्लेल्या एका एकोणीस वर्षांच्या मुलाने वाचवले.

•

तरीही शिबिर पाच दिवसांचे आणि वर्ष तीनशे पासष्टांचे. शिवाय जे मूल डोंगरापलीकडच्या पाड्यावर आहे, ते शिबिरापर्यंत येणार कसे? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच मातीत फार पूर्वी दिले गेले आहे. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी डहाणूजवळच्या बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीतली गरीब मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. त्यातून ‘अंगणवाडी’ आली. पुढे कोसबाडच्या परिसरात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली. मूल येत नसेल तर आपण जायचे, हा साधा विचार त्यामागे होता. १९७५ पासून ‘अंगणवाडी’ हा मराठी शब्द देशभर पोचला.

योगायोग पाहा. बोर्डी-कोसबाड आज ज्या पालघर जिल्ह्यात आहेत, त्याच पालघरच्या भूमीतून फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. आरोग्य पथकाची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि विकासातला उशीर, या चार बाजूंनी मुले तपासते. ज्यांना गरज दिसेल त्यांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. योजना चांगली आहे, पण जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरच्या आईला जिल्ह्याच्या गावी एकदा जाऊन यायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी, दोन गाड्या, धाकट्याला कुठे ठेवायचे याची चिंता. ती एकदा जाते, दोनदा जाते. तिसऱ्यांदा आवणीचे दिवस येतात आणि कागद पत्र्याच्या पेटीत जाऊन पडतो.

म्हणून मधला पूल गावातच बांधावा लागतो. १९८७ मध्ये डेव्हिड वर्नर यांनी मेक्सिकोतल्या डोंगराळ खेड्यांच्या अनुभवावर एक जाडजूड पुस्तक लिहिले. खेड्यात मिळणाऱ्या लाकूड-बांबूतून मुलाला नीट बसवणारी खुर्ची कशी करावी, हे त्यात चित्रांनी दाखवले आहे. आमच्या गावच्या सुताराने तसलीच कोपऱ्याची खुर्ची केली आणि मान न धरणारी मुलगी पहिल्यांदा घरच्यांबरोबर पंगतीला बसली. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने आणखी पुढचे काम केले. तज्ज्ञ डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या कार्यकर्त्या स्वमग्न मुलांच्या घरी जात. आई मुलाशी खेळते त्याचे चित्रण करत, मग तेच आईला दाखवून म्हणत, पाहा, इथे त्याने तुमच्याकडे पाहिले, इथे तो थांबला, इथे तुम्ही उत्तर द्या. गोवा आणि रावळपिंडी अशा दोन ठिकाणी ही पद्धत पारखली गेली आणि २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आया मुलांच्या खुणांना अधिक जुळवून घेऊ लागल्या आणि मुले आपणहून संवाद सुरू करण्यात पुढे गेली. तज्ज्ञ हवेतच, पण ते तालुक्याच्या गावी पोचेपर्यंत मुलाचे बालपण थांबत नाही. आशाताई आणि अंगणवाडीच्या ताई आज, या क्षणी, गावात आहेत.

•

आता आपल्या गावाबद्दल, समोर बसलेल्यांशी थेट बोलते.

वाढदिवसाला आमच्या शाळेत फळे वाटायला येणारी पुष्कळ भली माणसे आहेत. त्यांचे मन मी जाणते. त्यांना माझी विनंती आहे : केळी घरी ठेवा आणि महिन्यातून एक शनिवार, एक तास या. दर वेळी त्याच मुलाकडे या. तिसऱ्या खेपेला ते तुमची वाट पाहील, सहाव्या खेपेला तुमचे नाव त्याच्या रकान्यात येईल.

कॉलेजच्या प्राचार्यांना विनंती : राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर दर वर्षी होतेच. त्यातल्या मुलामुलींना आमच्या मुलांचे सोबती होऊ द्या. अमेरिकेत २००६ पासून बोस्टनच्या एका विद्यापीठात युनिस श्रायव्हरच्या नावाचे शिबिर चालते. त्यात निम्मी मुले अक्षमता असलेली आणि निम्मी नसलेली असतात, सगळी एकाच मैदानावर. आपल्याही उन्हाळी शिबिरांत दहा मुलांमागे दोन जागा आमच्या मुलांना मिळाव्यात.

गणपती मंडळांना विनंती : दहा दिवसांतल्या एका सकाळी एक तास लाउडस्पीकर बंद ठेवा, गर्दी थोपवा. ज्या मुलांना ढोलाच्या आवाजाने वेदना होतात, त्यांनाही बाप्पा पाहू द्या. त्यांच्या आयांनी कित्येक वर्षांत मांडवात पाऊल टाकलेले नाही.

ग्रामपंचायत आणि नगरपालिकेला विनंती : स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. गरजूला पैसे द्याच, पण त्यातला काही वाटा दर वर्षी एका शिबिरासाठी आणि गावातल्या एका साधनखोलीसाठी राखून ठेवा.

आणि पालकांना : १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली, मूल अठरा वर्षांचे झाल्यावर कायदेशीर पालक नेमण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. तो अर्ज वेळेत करा, उद्यावर टाकू नका. पण कागदावरचा पालक एकटा पुरत नाही. त्याला साथ देणारी पन्नास माणसे मुलाच्या लहानपणापासूनच गोळा करायला लागतात. म्हणून दार उघडा. मुलाला घेऊन बाजारात या, लग्नाला या, ते ओरडले तरी या. तुम्हाला लाज वाटेल तेव्हा तुमच्या बाजूला उभे राहणे हे आमचे काम.

•

शेवटी बाईंच्या शेवटच्या दिवसाबद्दल सांगते. श्रावणातली सकाळ होती. घरासमोर गर्दी जमलेली. एसटीत चढलेला तो मुलगा आता तिशीत आला आहे. आई थकलेली, वडील गेलेले. बाईंना असे आडवे पाहून त्याची घडीच विस्कटली. तो कान झाकून हुंदके देऊ लागला. आई त्याला धरायला उठली, पण गुडघ्यांनी तिला उठू दिले नाही. मी गर्दीच्या दुसऱ्या टोकाला होते आणि वाट काढत निघाले.

मी पोचायच्या आधी त्याच्या नावाची हाक ऐकू आली. फुलवाल्याने मारली होती. मग दुसरी, रसवंतीवाल्याची. निवृत्त झालेले कंडक्टर पुढे आले आणि त्यांनी खिशातून किल्ल्या काढल्या. कुणी पाणी आणले, कुणी गर्दी मागे सारून त्याला पारावर मोकळ्या हवेत नेले. मी पोचले तेव्हा तो किल्ल्या कानाशी धरून बसला होता आणि त्याच्याभोवती सात माणसे होती. मला करायला काही उरले नव्हते. मी त्याच्या आईजवळ जाऊन बसले.

त्या संध्याकाळी मी वही काढली. त्याच्या रकान्यातला पहिला ‘१’ म्हणजे स्वतः बाई होत्या; ‘‘तुम्हाला आजपासून धरू का’’ असे विचारणारी ती आई त्याचीच. आकड्यातून एक वजा करायचा होता. तो वजा केल्यावरही छत्तीस उरले.

बाईंची वही आता माझ्याकडे आहे. आज ती बाहेर टेबलावर ठेवली आहे, शेजारी पेन आहे. जाताना ज्यांना वाटेल त्यांनी एक मूल निवडावे, त्याचे नाव पाठ करावे आणि शेवटच्या रकान्यात आपले नाव लिहावे. शनिवारी दहाला शाळा उघडते.